गणिताची बारा, जीवशास्त्राची साठ: वेगवेगळ्या विषयांतल्या सायटेशन्सची न्याय्य तुलना कशी करावी

समजा, तुमच्यासमोर दोन शोधनिबंध आहेत. दोन्ही २०१८ मध्ये छापून आलेले. एक शुद्ध गणितातला, त्याला १२ सायटेशन्स, म्हणजे इतर निबंधांनी त्याचा १२ वेळा संदर्भ दिलेला. दुसरा रेणवीय जीवशास्त्रातला, त्याला ६०. निवड समितीत किंवा निधीच्या अर्जांच्या छाननीत हे दोन आकडे शेजारी शेजारी आले, की टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांच्या मनात निकाल लागून गेलेला असतो. या निकालावर कुणाची तरी नोकरी, कुणाची तरी फेलोशिप अवलंबून असते. म्हणून हे काम ज्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. सायटेशनचा आकडा कोणाच्या शेजारी उभा केला, यावर त्याचा अर्थ ठरतो. पुढे जो भागाकार करायचा आहे तो शाळकरी मुलालाही जमेल. छेदात काय घ्यायचं हे ठरवण्यात खरा कस लागतो आणि चुकाही तिथेच होतात.

आधी कारण समजून घ्या

"जीवशास्त्रात माणसं जास्त, म्हणून सायटेशन्स जास्त" असं नेहमी ऐकू येतं. पटकन पटतं, पण ते बरोबर नाही. कागदावर करून पाहा. एका क्षेत्रात १०० निबंध आहेत आणि प्रत्येकाने आपल्याच क्षेत्रातल्या १० निबंधांचा संदर्भ दिला. एकूण १,००० सायटेशन्स झाली, ती १०० निबंधांत वाटली गेली, सरासरी १०. आता क्षेत्र शंभरपट मोठं करा: १०,००० निबंध, प्रत्येकाचे १० संदर्भ, एकूण १,००,००० सायटेशन्स. सरासरी पुन्हा १०च. देणारे वाढले तसे घेणारेही वाढले.

सरासरी ठरते ती मुख्यतः संदर्भसूचीच्या लांबीवर. गणितातला निबंध थोड्या संदर्भांवर भागवतो, जीवशास्त्रातला त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज देतो. दुसरं कारण संदर्भांचं वय. गणितात तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं प्रमेय आजही जिवंत असतं. वेगाने धावणाऱ्या प्रायोगिक क्षेत्रांत मात्र गेल्या चार-पाच वर्षांतलंच काम जास्त उद्धृत होतं, त्यामुळे नव्या निबंधाकडे सायटेशन्सचा ओघ लवकर येतो. तिसरं, क्षेत्र वाढत असेल तर आजचे पुष्कळ निबंध कालच्या थोड्या निबंधांना उद्धृत करतात आणि कालच्यांचं भाग्य उजळतं. क्षेत्राच्या आकाराचा परिणाम दिसतो तो शिखरांवर. मोठ्या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला निबंध लहान क्षेत्रातल्या सर्वांत गाजलेल्या निबंधापेक्षा खूप वर जाऊ शकतो.

हे काही नवं ज्ञान नाही. कोणत्या निबंधाने कोणाचा संदर्भ दिला याची सूची, म्हणजे सायन्स सायटेशन इंडेक्स, तिची कल्पना १९५५ मध्ये मांडणारे आणि १९६४ पासून ती प्रत्यक्षात आणणारे युजीन गारफील्ड यांनी स्वतःच विषयाविषयांतल्या या फरकाबद्दल पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

पायरी १: एकच डेटाबेस, एकच दिवस

गूगल स्कॉलर, स्कोपस, वेब ऑफ सायन्स, ओपनॲलेक्स या चारही डेटाबेसांत एकाच निबंधाची सायटेशन्स वेगवेगळी दिसतील. गूगल स्कॉलरचा आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो, कारण तिथे प्रबंध, पुस्तकं, प्रीप्रिंट असं सगळंच मोजलं जातं. एका उमेदवाराचा आकडा स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतला, तर पुढचं सगळं गणित वाया.

दिवसाचं भान मला एका चुकीने आलं. सुरुवातीच्या एका कामात निबंधांची सायटेशन्स मी तीन महिन्यांपूर्वीच उतरवून ठेवली होती आणि क्षेत्राची सरासरी अहवाल लिहिताना त्या दिवशीची घेतली. अंश जुना, छेद ताजा. सगळ्यांचे आकडे थोडे थोडे खाली आले आणि नुकतेच छापलेले निबंध सर्वांत जास्त घसरले, कारण त्यांच्या बाबतीत तीन महिनेही पुष्कळ असतात. अहवाल जाण्याआधी ते लक्षात आलं, पण तेव्हापासून अंश आणि छेद मी एकाच बैठकीत उतरवतो.

त्या क्षेत्राचं लिखाण डेटाबेसमध्ये आहे तरी का, हेही इथेच तपासा. दहा-बारा निबंधांच्या संदर्भसूच्या उघडा आणि त्यातले किती संदर्भ डेटाबेसमध्ये सापडतात ते मोजा. संगणकशास्त्रात परिषदांचे निबंध महत्त्वाचे असतात, इतिहास आणि साहित्यात पुस्तकं. बहुतेक संदर्भ डेटाबेसच्या बाहेर राहत असतील, तर त्या क्षेत्रासाठी सायटेशन मोजणीच बाजूला ठेवा आणि काम वाचून मत द्या. कितीही बारीक सूत्र वापरलं तरी जे नोंदलंच गेलं नाही ते परत येत नाही.

पायरी २: वर्ष आणि लेखाचा प्रकार जुळवा

२०१२ च्या निबंधाला २०२१ च्या निबंधापेक्षा नऊ वर्षं जास्त मिळाली आहेत. म्हणून तुलना नेहमी त्याच वर्षी छापलेल्या निबंधांशी करायची. स्कोपसच्या आकडेवारीवर बेतलेल्या एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) या निर्देशांकात प्रकाशनाचं वर्ष आणि पुढची तीन वर्षं एवढाच काळ धरतात. गणितासारख्या सावकाश चालणाऱ्या विषयाला ही खिडकी आखूड पडते. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी आपल्या मॅथसायनेट या डेटाबेसमधल्या जर्नलांसाठी एमसीक्यू नावाचा जो सायटेशन-निर्देशांक काढते, त्यात मागची पाच वर्षं घेतात. जर्नल इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये, म्हणजे जर्नलमधल्या लेखांना सरासरीने किती सायटेशन्स मिळतात त्या आकड्यात, मात्र दोनच. गेल्या दोन वर्षांतल्या निबंधांचे आकडे मी तुलनेत घेतच नाही. तिथे एका सायटेशनने चित्र पालटतं.

प्रकाराचंही तेच. आढावा लेख, म्हणजे रिव्ह्यू, मूळ संशोधनाच्या लेखापेक्षा सरासरीने बरीच जास्त सायटेशन्स गोळा करतो. रिव्ह्यूची तुलना रिव्ह्यूंशीच करा. डेटाबेसने दिलेला शिक्का कधी कधी चुकतो, तेव्हा शंका आली तर निबंध उघडून बघा.

पायरी ३: शेजारी कोण, ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

तयार वर्गवारी हाताशी असते. वेब ऑफ सायन्समध्ये सुमारे २५० विषयवर्ग आहेत, स्कोपसमध्ये ३०० हून अधिक. या दोन्हींत वर्ग मिळतो जर्नलला, आणि निबंध ज्या जर्नलमध्ये छापला त्याचा वर्ग आपोआप त्याला चिकटतो. साहजिकच 'नेचर'मध्ये छापलेला भूगर्भशास्त्राचा निबंध 'बहुविषयक' ठरतो आणि त्याचा शेजारी कोणीही निघू शकतो. ओपनॲलेक्समध्ये विषय थेट निबंधाला जोडतात, सुमारे ४,५०० बारीक विषयांपैकी. हे जास्त नेमकं, पण यंत्राने केलेलं, म्हणून डोळ्यांखालून घालायला हवं.

आता खरी अडचण. एकाच वर्गाच्या पोटातही सवयी वेगळ्या असतात. लायडन विद्यापीठातल्या, सायटेशन्सचा अभ्यास करणाऱ्या सीडब्ल्यूटीएस या केंद्रातल्या आणि वैद्यकातल्या संशोधकांनी मिळून २०१३ मध्ये वैद्यकातल्या काही विषयवर्गांचे नकाशे काढून पाहिले. एकाच वर्गात मूलभूत आणि निदानाशी संबंधित संशोधन खूप उद्धृत होतं, तर प्रत्यक्ष उपचारांवरचं, शस्त्रक्रियेवरचं संशोधन त्या मानाने कमी, असं त्यांना आढळलं. म्हणजे त्या वर्गाच्या सरासरीने भागलं, की शल्यविशारद कायम सरासरीखाली दिसणार आणि मूलभूत काम करणारा कायम वर.

मग वर्ग बारीक करत जावं का? त्यालाही मर्यादा आहे. वर्ग इतका अरुंद केला की त्यात तुमचा निबंध आणि त्याची चार भावंडंच उरली, तर प्रत्येक जण आपल्या घरातच सरासरी ठरतो आणि खरोखरचं मोठं काम उठून दिसत नाही. मी दोन वर्ग घेतो, एक रुंद आणि एक अरुंद, आणि दोन्हींवर हिशेब करतो. निष्कर्ष एकच आला तर निश्चिंत. उलटला, तर तो उलटतो हेच अहवालात लिहितो. एकच वर्ग निवडून दुसऱ्याबद्दल गप्प राहणं मला अप्रामाणिक वाटतं.

एक वेगळी वाटही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने २०१६ मध्ये आरसीआर (रिलेटिव्ह सायटेशन रेशो) हा निर्देशांक मांडला. त्यात तयार वर्ग वापरत नाहीत. तुमच्या निबंधासोबत त्याच संदर्भसूच्यांत जे निबंध येतात, तेच शेजारी मानतात. वाचकांनीच शेजार ठरवायचा, ही कल्पना मला आवडते. आयसाइट नावाच्या साधनात हे आकडे फुकट मिळतात, पण ते पबमेडमधल्या निबंधांपुरते, म्हणजे मुख्यतः वैद्यक आणि जीवविज्ञान.

निबंध दोन वर्गांत बसत असेल तर? समजा त्याला २० सायटेशन्स आहेत आणि दोन वर्गांच्या सरासऱ्या ४ आणि २०. पुष्कळ जण सरासऱ्यांची सरासरी काढतात, १२, आणि २० ला १२ ने भागून सुमारे १.६७ मिळवतात. त्यापेक्षा प्रत्येक वर्गात वेगळा भागाकार करा: ५ आणि १. त्यांची सरासरी ३. दोन्ही वर्गांना सारखं वजन द्यायचं असेल, तर हे ३ योग्य. पहिल्या रीतीत मोठ्या आकड्यांचा वर्ग लहानाला दाबून टाकतो.

पायरी ४: भागा, पण योग्य क्रमाने

सुरुवातीच्या दोन निबंधांकडे येऊ. समजा २०१८ च्या गणिताच्या त्या वर्गातल्या लेखांची सरासरी ४ आहे आणि जीवशास्त्राच्या वर्गाची ४०. गणिताचा निबंध १२ भागिले ४, म्हणजे ३. जीवशास्त्राचा ६० भागिले ४०, म्हणजे १.५. सरासरी निबंधाला १ मिळतो. टेबलाभोवती मनात लागलेला निकाल इथे उलटा झाला.

एका निबंधावरून व्यक्तीवर किंवा विभागावर जाताना क्रम महत्त्वाचा ठरतो. एका संशोधिकेचे दोन निबंध घ्या: गणिताचा, १२ सायटेशन्स, अपेक्षित (म्हणजे वर्गाची सरासरी) ४, आणि जीवशास्त्राचा, २० सायटेशन्स, अपेक्षित ४०. सगळी बेरीज आधी केली तर ३२ भागिले ४४, म्हणजे सुमारे ०.७३, सरासरीच्या खाली. प्रत्येक निबंधाचा भागाकार आधी केला तर ३ आणि ०.५, सरासरी १.७५, सरासरीच्या बरीच वर. तीच व्यक्ती, तेच निबंध. पहिल्या रीतीत जीवशास्त्राचे मोठे आकडे गणिताच्या चांगल्या कामाला गिळून टाकतात, म्हणजे जो दोष काढायला निघालो तोच मागच्या दाराने आत येतो.

ही चूक नवशिक्यांचीच असते असं समजू नका. लायडनच्या केंद्राचा स्वतःचा 'क्राउन इंडिकेटर' हा निर्देशांक अनेक वर्षं पहिल्या रीतीने निघत असे. २०१० मध्ये ऑप्टहॉफ आणि लायडेसडॉर्फ यांनी त्यावर टीका केली, वाद झाला आणि केंद्राने दुसऱ्या रीतीवर आधारलेला एमएनसीएस हा निर्देशांक स्वीकारला. टीका ऐकून आपलंच सूत्र बदलणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

पायरी ५: सरासरीवर थांबू नका

सायटेशन्सचं वाटप फार विषम असतं. थोड्या निबंधांकडे ढीग, बहुतेकांकडे चिमूटभर, काहींकडे शून्य. अशा ठिकाणी एकच निबंध सरासरीला कुठल्या कुठे नेतो. स्फटिकशास्त्रातलं 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' हे जर्नल घ्या. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये त्यात शेलेक्स या संगणकप्रणालीच्या इतिहासावर लेख लिहिला. ती प्रणाली वापरणारा जो तो त्या लेखाचा संदर्भ देऊ लागला. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २.०५१ होता, तो २००९ मध्ये ४९.९२६ झाला. त्या जर्नलमधले बाकीचे निबंध एका वर्षात चोवीसपट चांगले झाले नव्हते.

म्हणून भागाकाराच्या जोडीला शततमक काढा. त्या वर्षाचे, त्या वर्गाचे, त्या प्रकारचे निबंध सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावा आणि आपला कितवा ते बघा. २०० पैकी १४ वा असेल तर तो वरच्या ७ टक्क्यांत आला. गटासाठी 'वरच्या १० टक्क्यांत किती निबंध' हे प्रमाण बोलकं असतं. विद्यापीठांच्या लायडन रँकिंगमध्येही ते वापरतात. एखादा राक्षसी आकडा इथे एका निबंधाएवढाच मोजला जातो.

गणितासारख्या विषयात बरोबरीचा प्रश्न येतो: वरच्या १० टक्क्यांची सीमा ८ सायटेशन्सवर पडली आणि ८ वर पंधरा निबंध उभे आहेत. सगळ्यांना आत घेतलं तर १० चे १४ टक्के होतात, सगळ्यांना बाहेर ठेवलं तर ७ उरतात. अशा वेळी त्या पंधरा जणांना अंशतः मोजायचं, म्हणजे सीमेवरच्या प्रत्येकाला इतका भाग द्यायचा की एकूण बरोबर १० टक्के भरतील.

भागाकाराने सगळे विषय एकाच साच्यात बसतात का? २००८ मध्ये रादिक्की, फोर्तुनातो आणि कास्तेलानो यांनी काही विषय तपासून दाखवलं, की सरासरीने भागल्यावर वाटपाचे आलेख जवळजवळ एकमेकांवर बसतात. पुढे २०१२ मध्ये वाल्टमन आणि सहकाऱ्यांनी बरेच जास्त विषय घेतले, तेव्हा कमी सायटेशन्सच्या क्षेत्रांत हा नियम ढिला पडलेला दिसला. माझ्या अनुभवात छेद २ च्या खाली गेला, की भागाकारापेक्षा शततमकावर विसंबावं आणि तेही जपून.

छेद लहान असला की आणखी एक धोका असतो: थोड्याशा संगनमतानेही आकडा उड्या मारतो. वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ मध्ये आपल्या 'हायली साइटेड रिसर्चर्स' यादीतून गणित हा विषयच वगळला. गणितात सायटेशन्सचं सरासरी प्रमाण कमी असल्यामुळे लहानशा वाढीनेही चित्र विकृत होतं, हे कारण त्यांनी दिलं. गणिताच्या निबंधाला अचानक मोठा आकडा दिसला, तर ती सायटेशन्स कुठून आली ते उघडून बघा. एकाच गटातून, एकाच महिन्यात आली असतील तर नोंद करा.

पायरी ६: लेखक किती

२०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर ॲटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगगटांचा मिळून एक निबंध आला. लेखक ५,१५४. निबंधाची ३३ पानं, त्यातली २४ लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या यादीची. या निबंधाची सगळी सायटेशन्स प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा केली, तर एकट्याने लिहिणाऱ्या गणितज्ञाशी तुलना करण्यात काय अर्थ उरतो?

विभाग किंवा संस्था ताडताना अंशात्मक मोजणी करा: चार संस्थांचा निबंध असेल तर प्रत्येकीला पाव. पूर्ण मोजणीत सामायिक निबंध अनेकदा मोजले जातात, आणि ते सरासरीने जास्त उद्धृत होत असल्यामुळे सगळ्यांचेच आकडे फुगतात. मग १ म्हणजे सरासरी हा अर्थच राहत नाही. व्यक्तीच्या बाबतीत मी दोन्ही आकडे देतो, कारण यादीत नाव असणं आणि काम केलेलं असणं यांतलं अंतर कुठलंच सूत्र मोजत नाही.

एच-इंडेक्सबद्दल थोडक्यात. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. एच-इंडेक्स २० म्हणजे प्रत्येकी किमान २० सायटेशन्स असलेले २० निबंध. त्यात विषय, वय, लेखकसंख्या यांपैकी कशाचीच दुरुस्ती नाही. वेगवेगळ्या विषयांतल्या दोन माणसांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवू नका. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर निबंधाच्या दर्जासाठी वापरायचा नाही, हे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या डोरा जाहीरनाम्याने स्पष्ट सांगितलं आहे. आणि त्याच विषयावरच्या, २०१५ च्या लायडन मॅनिफेस्टोतल्या दहा तत्त्वांपैकी एक विषयाविषयांतल्या फरकाची दखल घेण्याबद्दलच आहे. समितीत कुणी अडून बसलं, तर ही दोन नावं उपयोगी पडतात.

पायरी ७: आकडा हलवून बघा आणि मग लिहा

सहा निबंधांच्या सरासरीला फार भाव देऊ नका. सर्वांत वरचा निबंध काढून पुन्हा हिशेब करा. २.४ चे ०.९ झाले, तर तो आकडा त्या व्यक्तीबद्दल फार थोडं सांगतो, एका निबंधाबद्दल मात्र पुष्कळ. तो एक निबंध वाचा.

नोंद अशी असावी, की दुसऱ्या माणसाने तीच कृती केली तर तेच उत्तर यावं. माझा नमुना असा: "डेटाबेस ओपनॲलेक्स, अंश आणि छेद एकाच दिवशी घेतले (तारीख). २०१४ ते २०२० मधले १९ संशोधन लेख, आढावा लेख वगळून. तुलना वर्ष, प्रकार आणि विषय जुळवून. रुंद वर्गावर निबंधनिहाय भागाकारांची सरासरी १.६, अरुंद वर्गावर १.३. वरच्या १० टक्क्यांत ३ निबंध. सर्वांत वरचा निबंध वगळल्यास १.२ आणि १.०. त्या क्षेत्रातल्या संदर्भांपैकी सुमारे निम्मे डेटाबेसमध्ये सापडत नाहीत." शेवटचं वाक्य गाळायचा मोह होतो, कारण ते वाचून वरचे सगळे आकडे डळमळल्यासारखे वाटतात. ते तिथेच ठेवा, आणि समितीसमोर वाचताना त्याच आवाजात वाचा.